तीन टाचण्या एका दोऱ्यात

सून : हा कागदसुद्धा तुम्हीच तपासलात ना, आई?

सासू : ढिगातला आहे म्हणजे तपासलाच असणार. कोपऱ्यात माझी खूण नाही का?

सून : खूण आहे. म्हणूनच विचारतेय.

सासू : बस डेपोच्या भांडारात सगळी नोकरी काढली मी. सुटे भाग मोजले, नटबोल्ट मोजले. तिथे माझ्या खुणेवर कुणी बोट ठेवलं नाही. घरात मात्र तपासणी.

सून : एकूण किती मांडण्या निघाल्या तो आकडा पाच वाजता सरांना पाठवायचाय. त्याआधी सगळे कागद शेवटचे चाळत होते. या मांडणीपाशी अडले. ती परत फळ्यावर लावलीय. बघता का जरा? नको, तुम्ही उठू नका, फळाच आणते.

सासू : आण. मी वॉकर घेऊन तिथवर येईपर्यंत तुझे पाच वाजतील.

सून : हे बघा. बारा आडव्या ओळी, बारा उभ्या. प्रत्येक ओळीत दोनच टाचण्या...

सासू : मला नको शिकवूस. नऊ घरं आणि सहा बटणं घेऊन बसवलं होतंस तू मला, माझ्या खुब्याचे टाके ओले होते तेव्हा. कुठल्याही दोन टाचण्यांना दोरा लावायचा, तो तिसरीला लागता कामा नये. आडवा नको, उभा नको, तिरका नको. नऊ घरांत अशा दोनच मांडण्या निघतात, आणि टेबलाच्या शेजारच्या बाजूला जाऊन बसलं की त्या दोन्ही एकच. झाले का मी पास?

सून : पास. आता दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या टाचणीला दोरा अडकवा.

सासू : अडकवला.

सून : अकराव्या ओळीतल्या सातव्या घरापर्यंत ओढा. तिथली टाचणी. ताणून धरा. आता मध्ये बघा, पाचवी ओळ, तिसरं घर.

सासू : दिसतंय.

सून : काय दिसतंय?

सासू : टाचणी.

सून : दोऱ्याला लागलेली.

सासू : चिकटूनच आहे म्हण. अगं, तीन खाली नि दोन बाजूला, असली वाकडी तिरकी रेघ. कुणाच्या लक्षात येणार? दुपारची वेळ, चष्म्याचा नंबर वाढलेला. गेली असेल नजरेतून.

सून : मीही आधी तेच म्हटलं. गेली असेल नजरेतून.

सासू : मग झालं तर.

सून : पण आई, हा गट कसला आहे?

सासू : फळा फिरवला तरी तसाच दिसणाऱ्यांचा.

सून : चारही बाजूंनी तसाच. म्हणजे इथे जर तीन टाचण्या एका रेघेत आल्या, तर फळा फिरवला की तिथेही तीन, तिथेही तीन आणि तिथेही. चार ठिकाणी दोरा अडकणार. तुम्ही सगळ्या जोड्या लावून बघता. एक ठिकाण सुटेल, दोन सुटतील. चारही सुटतील?

सासू : चहा ठेवतेस का जरा?

सून : आई.

सासू : नुसतं विचारलं. पाणी तरी दे मग.

सून : घ्या. आणि हे बघा, मी रागावून विचारत नाहीये. मांडणी काढली मी, चूक माझी पहिली. माझ्या डोळ्यांना माझ्या टाचण्या सरळच दिसतात, म्हणून तर काढणारी मी आणि तपासणाऱ्या तुम्ही असं ठरलं होतं. मला फक्त कळायला हवं, की ही एकच सुटली की अशा आणखी आहेत. आणखी असतील तर आज आकडा पाठवण्यात अर्थ नाही.

सासू : आणखी नाहीत.

सून : इतक्या खात्रीने कसं सांगता?

सासू : फोन वाजतोय तुझा. बाब्या असणार. स्पीकरवर ठेव, मलाही ऐकू दे माझ्या मुलाचा आवाज. तुझ्याशी बोलताना तो जरा खरं बोलतो.

सून : हॅलो. बोल, आई पण ऐकतायत.

मुलगा : अरे वा, दोघी एकत्र. आई, बरी आहेस ना? जेवलीस?

सासू : चार वाजायला आले. अजून जेवले नसते तर काय तू तिथून भरवणार होतास?

मुलगा : बरं बरं. हे बघ, मी काय म्हणत होतो. रविवारचं जरा कठीण दिसतंय. रजा टाकली होती, पण वरचा माणूस म्हणतो, जहाज लागणार आहे, गोदीत माणसं कमी आहेत. तसं नाही म्हणालेला नाही. बघू म्हणालाय.

सून : म्हणजे तू येत नाहीयेस.

मुलगा : तसं नाही गं. बघू. तुझं काय झालं? आकडा गेला?

सून : पाचला जाणार. सरांच्या आकड्याशी जुळला तर सोमवारी मला तिकडे त्यांच्या संस्थेत रुजू व्हायचंय. तुला माहितीय ते.

मुलगा : माहितीय ना. पण समज, नाही जुळला. मग तुला सगळं पहिल्यापासून करायला लागेल, हो ना? म्हणजे मग सोमवारची घाई तशी राहत नाही. ते काय जागा लगेच दुसऱ्याला देणार नाहीत. पुढच्या वर्षी माझी बदली झाली की आपण नीट बघू. मी आपलं म्हणतोय हं. जुळावा असंच मला वाटतं.

सासू : बाब्या, मागच्या वर्षीही पुढच्या वर्षी तुझी बदली होती.

मुलगा : आई, ते काय माझ्या हातात आहे का? बरं, खालच्या मावशींशी बोलणं झालंय ना तुमचं? सकाळ-संध्याकाळ येतील म्हणाल्या होत्या. मग झालं. काही अडलं तर फोन करा. चला, ठेवतो, हाका मारतायत.

सासू : ठेवलासुद्धा. अडलं तर फोन करा म्हणे. फोनला काय खांदा असतो, धरून जिना उतरायला?

सून : त्याचं जाऊ द्या. तुम्ही काहीतरी सांगत होतात. आणखी नाहीत म्हणालात.

सासू : नाहीत. बाकीच्या सगळ्या चोख आहेत. ही एकच.

सून : हे तुम्हाला कसं माहीत?

सासू : कारण ही मी बघितली होती. लागला होता दोरा. पहिल्या खेपेलाच लागला. मग फळा फिरवला, तिथेही लागला. चारही बाजूंना लागला. मी काही आंधळी नाही.

सून : मग बरोबरची खूण कशी केलीत?

सासू : पेनाने.

सून : आई, मला हसू येत नाहीये.

सासू : मलाही नाही. एक कमी पडत होता, म्हणून केली.

सून : कशात कमी पडत होता?

सासू : त्यांच्यात आणि आपल्यात.

सून : त्यांचा आकडा तुम्हाला कसा माहीत? नाही, थांबा. आकडा बोलू नका. तोंडातून काढू नका तो. नुसतं सांगा, कसा कळला.

सासू : तू माझी औषधं आणायला खाली गेली होतीस. मोबाइल इथेच होता चार्जिंगला. वाजला. मी घेतला. तुझे ते सर.

सून : ते सांगणारच नाहीत. नियम त्यांनीच घातलाय. ते यंत्राने मोजणार, मी हाताने, आणि पाठवेपर्यंत कुणी कुणाला काही सांगायचं नाही.

सासू : नव्हतेच सांगत. फार सभ्य माणूस. तब्येत विचारली, जेवण विचारलं. मग मी म्हटलं, आमची सून म्हणते तुमचं यंत्र फार मंद आहे, ती हाताने मोजून मोकळी झाली तरी ते अजून चाळत बसलंय.

सून : मी असं कधी म्हटलं?

सासू : तू कुठे म्हणतेस काही. मी म्हटलं. तर एकदम तापले. म्हणाले, अहो आजी, परवाच झालं आमचं, इतके इतके आले. मग जीभ चावली. म्हणाले, तिला सांगू नका. मी म्हटलं, छे हो, मला कुठलं आकड्यातलं कळतंय.

सून : आणि तुम्ही आपले मोजलेत.

सासू : खूण केलेले कागद मोजले. एक कमी. त्याच दुपारी तू ही मांडणी हातात दिलीस आणि म्हणालीस, ही शेवटची, हिच्यानंतर गट संपला. दोरा लावला तर तीन लागल्या. आता तूच सांग.

सून : मी काय सांगू?

सासू : डेपोत वर्षअखेरीला असंच असायचं. एक जण खातं धरून मोजायचा, एक जण खण धरून. बोलायचं नाही एकमेकांशी. मग आकडे शेजारी ठेवायचे. एखादा वॉशर इकडचा तिकडे झाला तर वर्ष बंद होत नसे. एका वॉशरपायी रात्री कोण बसणार? कचऱ्यातला फुटका एक उचलायचा आणि खणात टाकायचा. नग तो नग. माणसं घरी जायची.

सून : हा वॉशर नाही, आई.

सासू : तेव्हा मला वॉशरच वाटला.

सून : दीड वर्ष घातलंय मी या गटात. यंत्र नुसता आकडा फेकतं, तेवढाच का ते सांगत नाही. मी शक्यतांची एकेक फांदी तोडत का ते लिहिलंय. ते कागद वाचून उद्या कुणीही म्हणेल, हो, एवढ्याच, याहून जास्त निघणं शक्य नाही. त्यात एक फुटका नग टाकायचा? आणि तोही जुळवायला?

सासू : मला काय माहीत तू पुन्हा चाळशील. खूण केलेलं मी कधी चाळत नसे.

सून : तुम्हाला मी इतकी जायला हवी आहे?

सासू : तू गेलीस तर माझे हाल होतील हे मला कळतं. तेवढी अक्कल शाबूत आहे. रात्री दोनदा उठवायला लागतं मला. मावशी रात्री येणार नाही.

सून : मग?

सासू : चौथा मजला, लिफ्ट नाही. मी बाहेर पडत नाही, कारण माझा खुबा मोडलाय. तुझं काय मोडलंय?

सून : असं नका बोलू.

सासू : मग कसं बोलू? सकाळी माझं अंग पुसतेस, मग त्या फळ्याशी बसतेस. संध्याकाळी गॅलरीत उभी राहून खाली बघतेस, जशी मी खुर्चीतून बघते. परवा कोपऱ्यावरचा पंक्चरवाला दुकान बंद करून गेला, तर आपण दोघींनी त्यावर अख्खं जेवण काढलं. सासू-सुनेत भांडण नाही म्हणून बाब्या चार लोकांत सांगतो. अगं, भांडायला बाहेरून काहीतरी आत यावं लागतं. म्हटलं दोघींपैकी एक तरी सुटू दे.

सून : जुळणारा आकडा पाठवला तर मी सुटले. खरं आहे. आणि जिथे जाईन तिथे रोज या मांडणीला दोरा लावत बसेन.

सासू : आणि खरा पाठवला तर?

सून : एकाचा फरक. कदाचित माझी एक खरोखर सुटली असेल. कदाचित त्यांच्या यंत्राने एक दोनदा धरली असेल, आरशातली आणि ही वेगळी समजून. कुणाचं चुकलं ते कळायला दोन्हीकडे पहिल्यापासून. मागच्या गटाच्या वेळी असं झालं तेव्हा वर्ष गेलं.

सासू : आणि बाब्या म्हणणार, बरं झालं, घाई राहिली नाही.

सून : म्हणाला ना आताच.

सासू : एक विचारू? आकडा जुळला तरच रुजू व्हा, असं त्यांनी लिहिलंय?

सून : असं ठरलंय.

सासू : ठरलंय नाही. लिहिलंय का?

सून : लिहिलेलं नाही.

सासू : मग ठरवलं कुणी? सरांनी?

सून : सर म्हणाले, केव्हाही या. तुमच्या सोयीने. मी म्हटलं, हा गट बंद केल्याशिवाय मी हलणार नाही.

सासू : तू म्हटलंस.

सून : हो.

सासू : म्हणजे अट तुझीच.

सून : मग काय म्हणणार होते? सासूबाईंना चौथ्या मजल्यावर टाकून येते? त्यापेक्षा गट बंद व्हायचाय हे बरं वाटायचं. त्यांनाही पटायचं, बाब्यालाही. तुम्हीही कधी विचारलं नाहीत.

सासू : मला वाटलं, टाचण्याच संपत नाहीत.

सून : संपत आल्या की मी एखादी फांदी परत तपासायला काढायची. दोनदा केलंय तसं. खोटं नाही केलं, खरंच तपासलं. पण काढली मी मुद्दाम.

सासू : आणि इकडे मी फुटके वॉशर गोळा करतेय. बरी जोडी आहे आपली. भांडारात असतो तर वर्ष कधी बंदच झालं नसतं.

(सून फळ्यावरची एकेक टाचणी उपटून डबीत टाकते. सासू हातातला दोरा गुंडाळत राहते.)

सासू : काढून का टाकतेस? पाठवायचंय ना?

सून : पाठवायला टाचण्या लागत नाहीत. ही मांडणी बाद. मोबाइल द्या तो.

सासू : कुठला आकडा लिहितेस?

सून : माझा. ही वजा करून जो उरतो तो.

सासू : म्हणजे नाही जुळणार.

सून : नाही. आणि खाली लिहितेय की त्यांचा आकडा मला पाठवण्याआधी कळला, म्हणून माझी मोजणी धरू नये.

सासू : अगं, सरांची नोकरी जाईल का यात?

सून : नोकरी नाही जात. कसा कळला ते लिहीत नाहीये. त्यांना स्वतःला कळेल. लाजतील जरा.

सासू : धरू नये म्हणजे? दीड वर्षाचं तुझं सगळं?

सून : कागद राहतील. पण आता हा गट मला मोजता येणार नाही. तुमच्या एका शब्दाने मला कळलं की एक जास्त हवाय. आता मी तो एक शोधत राहणार, आणि शोधत राहिलं की काहीतरी सापडतंच. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा उरला नाही. दुसऱ्या कुणीतरी कोऱ्या डोळ्यांनी मोजायला हवा.

सासू : मी बोलले नसते तर बरं झालं असतं.

सून : तुम्ही बोलला नसतात तर आकडा जुळला नाही म्हणून मी आज सहा वाजता एखादी फांदी परत काढली असती आणि इथेच राहिले असते.

सासू : मग तू तिकडे जाऊन करणार काय?

सून : त्यांच्याकडे गटांना तोटा नाही. दुसरा देतील. तेरा बाय तेरा असेल, मधल्या घराची वेगळीच भानगड.

सासू : देतील ना पण? असं सगळं लिहिल्यावर?

सून : माहीत नाही. देतील असं वाटतं. नाही दिला तर तिथे जाऊन कळेल.

सासू : तिथे जाऊन.

सून : हो. गेला मेसेज. चार सत्तेचाळीस. आधीच पाठवला, पाचपर्यंत थांबले नाही.

सासू : उत्तर आलं?

सून : आलं. लिहितायत, माफ करा, आजींना नमस्कार सांगा.

सासू : बघ, सभ्य माणूस. आणि सोमवारचं?

सून : सोमवारचं काही लिहिलं नाही. मी विचारलंही नाही. मी कळवलं फक्त, की येतेय.

सासू : बाब्याला कोण सांगणार?

सून : मी सांगते.

सासू : तू सांगितलंस तर तो तासभर ‘तसं नाही गं’ करत बसेल आणि तू परत फळा काढशील. मी सांगते. मला तो फक्त जेवलीस का विचारतो.

सून : आई, रविवारी तो खरंच आला नाही तर? रात्री तुम्हाला उठायचं झालं तर?

सासू : तर नाही उठणार. नाहीतर उठेन, पडेन, बघू. बाब्याची आई आहे मी, ‘बघू’ मलाही म्हणता येतं.

सून : असं म्हणू नका. मी मग पाय उचलणार कसा?

सासू : हे बघ, मला आता धीर देत बसू नकोस, आणि माझ्याकडून धीर मागू नकोस. दोन्ही एका दिवसात व्हायचं नाही. काय काय लागेल ते नीट ठरवू. पलंग संडासाजवळ सरकव. मोबाइल गळ्यात अडकवायला काहीतरी बघ. रात्रीचं पाणी उशाशी.

सून : आणि दार?

सासू : दार जाताना बाहेरून ओढून घे, आणि किल्ली मावशीकडे दे. बेल वाजली की मी दारापर्यंत पोचते, तोवर आलेला माणूस जिना उतरून गेलेला असतो.